कडेच्या वाफ्यातली आटोपशीर फुलझाडं दुसऱ्या वर्षी लोळतात, त्याचं काय करायचं?

तक्रार साधारण एकाच साच्यातली असते. रोपवाटिकेतून गेलार्डिया, कोरिऑप्सिस, साल्व्हिया, शेवंती अशी बहुवर्षायू रोपं आणली. आणताना वीतभर उंच, गोल, पानांपेक्षा फुलंच जास्त. वाटेच्या कडेला ओळीनं लावली, पहिला बहर दृष्ट लागण्यासारखा झाला. पुढच्या हंगामात तीच झाडं गुडघ्याला लागली, फांद्या चारी बाजूंना फाकल्या, मधोमध भोक पडलं आणि फुलं शेंड्यावर तेवढी उरली. मग खत घातलं. झाडं आणखी माजली आणि पहिल्या जोराच्या पावसात वाटेवर आडवी झाली. त्यानंतर नवी रोपं आणली, आणि पुन्हा तेच.

मी तीन वर्षं या फेऱ्यात अडकले होते. चौथ्या वर्षी नवं रोप आणलं नाही, खताला हात लावला नाही, फक्त झाडं कशामुळे उंचावताहेत हे एकेक करून तपासलं. तेव्हा कळलं की लोळणारं झाड सहसा उपाशी नसतं. ऊन कमी पडलेलं असतं, नत्र जास्त झालेलं असतं, किंवा वेळेवर शेंडा खुडलेला नसतो. म्हणून पहिली विनंती ही, की कारण सापडेपर्यंत खत देऊ नका. चुकीच्या निदानावर दिलेलं खत मागे घेता येत नाही.

आधी पेरं मोजा

लोळलेल्या झाडाची एक फांदी बुंध्यापाशी कापून हातात घ्या. जिथे पान फुटतं तो सांधा, आणि दोन सांध्यांमधलं अंतर म्हणजे पेर. खालून वर एकेक पेर पट्टीनं मोजत जा. फांदीवर त्या झाडाच्या हंगामाची नोंद असते, आणि ती वाचायला पाच मिनिटं पुरतात. माझ्या साल्व्हियाच्या फांदीवर खालची चार पेरं दीड-दोन सेंटिमीटरची होती, पाचवं एकदम पाच सेंटिमीटर, सहावं सहा, आणि फांदी नेमकी तिथेच वाकली होती. पाचवं पेर कधी वाढलं असेल ते आठवलं. शेजारच्या हिरवळीला युरिया टाकून तेव्हा दहा-बारा दिवस झाले होते.

खालपासून वरपर्यंत सगळीच पेरं लांब, पानं विरळ आणि फिकी, खालची पिवळी पडून गळालेली असतील तर ऊन कमी आहे. सगळं झाड एकाच दिशेला कललं असेल तर उजेड एकाच बाजूनं येतोय. पेरं लांब, पण पानं मोठी, गडद हिरवी, लुसलुशीत, आणि फांदी बोटानं वाकवली की मोडण्याऐवजी लवते, अशी लक्षणं असतील तर नत्र जास्त झालंय. आणि जुनं लाकूड आखूड पेरांचं, पण बुंध्यातून आलेले सगळे नवे फुटवे लांब पेरांचे असतील, तर पुढचा मुद्दा नीट वाचा.

रोपवाटिकेत दिसलेली उंची

कुंडीत विकायला ठेवलेली पुष्कळ फुलझाडं वाढरोधक देऊन ठेंगणी ठेवलेली असतात. पॅक्लोब्युट्राझोल, डॅमिनोझाइड, क्लोरमेक्वाट ही त्यातली नेहमीची नावं. झाडात जिबरेलिन नावाचं संजीवक तयार होतं, त्यानं पेशी लांबतात आणि खोड उंचावतं. ही रसायनं जिबरेलिन तयार होण्याची वाटच अडवतात. मग तेवढीच पानं आणि तेवढ्याच कळ्या आखूड खोडावर दाटून बसतात, आणि झाड गोल, भरगच्च दिसतं. डॅमिनोझाइडचा परिणाम लवकर ओसरतो. पॅक्लोब्युट्राझोल मुळांवाटे शोषलं जातं आणि कुंडीच्या मातीत महिनोन्महिने टिकतं, त्यामुळे पहिला हंगाम झाड ठेंगणंच राहतं आणि तुमचा पक्का समज होतो की ही जातच बुटकी आहे. दुसऱ्या वर्षी ते आपल्या खऱ्या उंचीला जातं.

यात कुणी फसवलं असं मी म्हणणार नाही. वाहतुकीत झाड मोडू नये म्हणून हे करावंच लागतं. पण आपण निवड करताना डोळ्यांना दिसणाऱ्या उंचीवर विसंबू नये. रोपाच्या पट्टीवर जातीचं पूर्ण नाव लिहिलेलं आहे का ते बघा, आणि त्या नावाची वाढलेली उंची शोधा. नुसतं ‘गेलार्डिया’ किंवा ‘कोरिऑप्सिस’ लिहिलेलं असेल तर ते रोप पुढच्या ओळीत लावू नका.

मुळातच आटोपशीर असलेल्या जाती आहेत आणि त्या भरवशाच्या आहेत. गेलार्डियात ‘गोब्लिन’ साधारण ३० सेंटिमीटरवर थांबते. ‘ॲरिझोना सन’ तिच्याहून किंचित बुटकी. तांबड्या पाकळ्यांना पिवळी किनार असलेल्या या जातीला २००५ साली ऑल-अमेरिका सिलेक्शन्सचा, म्हणजे नव्या जातींची लागवड करून निवड करणाऱ्या अमेरिकी संस्थेचा, मान मिळाला. कोरिऑप्सिसमधल्या ‘अर्ली सनराइज’ला तोच मान १९८९ मध्ये मिळाला होता, ती अर्ध्या मीटरच्या आत राहते. डेलिलीत ‘स्टेला दे ओरो’ ही १९७५ साली नोंदलेली जात अजून मागे पडलेली नाही, जेमतेम फूटभर उंचीवर ती पुन्हा पुन्हा फुलते. साल्व्हियात ‘मे नाइट’, जी १९९७ ची पेरेनियल प्लांट ऑफ द इयर, म्हणजे वर्षातलं मानाचं बहुवर्षायू झाड होती, ती अर्ध्या मीटरच्या आसपास.

याउलट रुडबेकियाची ‘गोल्डस्टर्म’ बघा. तीही १९९९ ची पेरेनियल प्लांट ऑफ द इयर, म्हणून लोक हौसेनं आणतात आणि पुढच्या ओळीत लावतात. तिची खरी उंची ६० ते ७५ सेंटिमीटर. ती उंच झाली यात तिचा दोष नाही, तिला मधल्या ओळीत हलवा. पुढच्या ओळीला तेच पिवळं फूल हवं असेल तर ‘लिटल गोल्डस्टार’ ४० सेंटिमीटरच्या आसपास राहते.

ऊन आणि दाटी

या गटातल्या बहुतेक झाडांना दिवसाला किमान सहा तास थेट ऊन लागतं. ‘आमच्याकडे भरपूर उजेड आहे’ असं वाटतं तिथे मोजल्यावर बऱ्याचदा साडेतीन-चार तास निघतात. मोजायची रीत साधी आहे. निरभ्र दिवशी दर तासाला वाफ्यापाशी जा, हात झाडाच्या शेंड्याच्या उंचीवर धरा आणि सावली ठळक पडते का ते लिहून ठेवा. उभं राहून बघितलेलं ऊन आणि वीतभर उंचीवर पोहोचणारं ऊन यात फरक असतो, मागच्या ओळीची झुडपं तेवढ्यात बराच वाटा खातात. सूर्याची कमान ऋतूनुसार खाली-वर होते, म्हणून बहराच्या आधीच्या महिन्यातलं मोजमाप खरं धरा. चार वर्षांपूर्वी उन्हात असलेला वाफा आज सावलीत गेला असेल, कारण मधल्या काळात शेजारचं झाड वाढलं. हे आपल्या ध्यानात येत नाही, कारण ते रोज थोडंथोडं होतं.

दाटीचं गणित याहून बारीक आहे. पानं प्रकाशातला तांबडा भाग शोषून घेतात आणि दूर-तांबडा, म्हणजे आपल्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा भाग, परतवतात किंवा आरपार जाऊ देतात. मोकळ्या उन्हात या दोहोंचं प्रमाण साधारण १.२ असतं, दाट पानांखाली ते ०.२ किंवा त्याहूनही खाली येतं. झाडातलं फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य हे प्रमाण ओळखतं. शेजारच्या पानांवरून परतलेला दूर-तांबडा प्रकाश अंगावर पडला की सावली प्रत्यक्ष पडायच्या आधीच झाड खोड लांबवायला लागतं. म्हणजे भर उन्हात असूनही दाटीनं लावलेली ठेंगणी झाडं एकमेकांना उंच करतात. पहिल्याच वर्षी ताटवा भरलेला दिसावा म्हणून आपण वीस-वीस सेंटिमीटरवर रोपं लावतो, तिथेच दुसऱ्या वर्षीच्या लोळण्याची तयारी होते. पूर्ण वाढीचा घेर असेल तेवढं अंतर सोडा. आटोपशीर जातींना ते ३० ते ४० सेंटिमीटर असतं. मधली जागा उघडी दिसते हे खरं. पहिल्या वर्षी तिथे एकाच हंगामाची बुटकी वर्षायू फुलं पेरा आणि त्यांचा बहर संपला की उपटून टाका.

नत्र आणि हिरवळीचं पाणी

हा मुद्दा मी लांबवणार आहे, कारण माझ्या वाफ्याचं दुखणं इथेच होतं आणि ज्यांचे वाफे मी नंतर बघितले त्यातल्या निम्म्यांचं तरी हेच होतं.

गेलार्डिया, कोरिऑप्सिस, गौरा, सेडम, लॅव्हेंडर ही मुळात हलक्या, पाण्याचा झटकन निचरा होणाऱ्या जमिनीतली झाडं. गेलार्डिया तर भरड, वाळूमिश्रित मातीत जेवढी नेटकी राहते तेवढी कसदार मातीत राहत नाही. सेडमची ‘ऑटम जॉय’ सकस वाफ्यात लावून बघा. डोक्यावर फुलांचा भार आला की गड्डा मधून उघडतो आणि फांद्या चाकाच्या आऱ्यांसारख्या जमिनीवर पडतात. तीच जात वाटेच्या कडेच्या खडीत ताठ उभी असते. शेवंती, डेलिली आणि फ्लॉक्स मात्र खाणारी झाडं आहेत, त्यांना वर्षातून एकदा चांगलं कुजलेलं शेणखत हवंच. खाणारी आणि न खाणारी झाडं एकाच वाफ्यात कालवून लावली की एकाला पोसताना दुसरं माजतं. वाफ्याचे दोन भाग करा, एकाला खत द्या, दुसऱ्याला देऊ नका. माझ्या वाफ्यात सगळ्यात मोठा फरक या एका गोष्टीनं पडला.

आता हिरवळ. वाफ्याची पुढची ओळ बहुतेक ठिकाणी हिरवळीला चिकटून असते. हिरवळीला दिलेल्या युरियात ४६ टक्के नत्र असतं. हातानं फेकताना दाणे कडेच्या वाफ्यात जातात, उरलेलं पाण्याबरोबर वाहून येतं. शिवाय तुषार-सिंचनाचा फवारा पुढच्या ओळीवर रोज पडतो. तुमच्या वाफ्यात पुढची ओळ लांबट आणि मागची बरी, असं उलटं चित्र दिसत असेल तर दुसरं कारण शोधत बसू नका. हिरवळ आणि वाफा यांच्यामध्ये वीतभर रुंदीची, चार बोटं खोल चर काढा, तिच्यात खडी भरा, आणि खत टाकताना वाफ्याकडे पाठ करून उलट्या दिशेनं फेकत जा. फवाऱ्याचं तोंड फिरवून घ्या.

पाण्याचंही तसंच आहे. रोज थोडं थोडं पाणी मिळालं की मुळं वरच्या चार बोटांतच राहतात. मग वर भारी झालेलं झाड धरून ठेवायला खाली काही नसतं. एकदा भरपूर पाणी द्या, मग वापसा येऊन वरची दोन बोटं माती कोरडी होईपर्यंत थांबा. पानं दुपारी किंचित मलूल होऊन संध्याकाळी पुन्हा ताठ होत असतील तर घाबरू नका. सकाळीही मलूल दिसली तर पाणी द्या, पण आधी बोट खुपसून बघा, कारण मूळकूज झालेलं झाडही असंच मलूल दिसतं आणि त्याची माती ओली असते.

निचऱ्याची शंका असेल तर फूटभर खोल खड्डा करून पाण्यानं भरा. ते मुरलं की पुन्हा भरा आणि या दुसऱ्या वेळी घड्याळ लावा. तासाला अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी पाणी उतरत असेल तर ही झाडं तिथे सुखी होणार नाहीत. वाफा वीतभर उंच करून घ्या. नुसत्या खड्ड्यात वाळू टाकून भागत नाही, चिकणमातीत असा खड्डा हौदासारखा पाणी धरून ठेवतो.

नत्र आधीच जास्त झालं असेल तर या हंगामात ते काढून घेता येत नाही. भुसा मातीत मिसळला की तो कुजताना नत्र अडकवून ठेवतो हे खरं, पण किती आणि किती दिवस याचा अंदाज येत नाही, म्हणून मला तो उपाय पसंत नाही. खत थांबवा, पाणी कमी करा आणि छाटणी करा.

कात्री कधी चालवायची

फांदीच्या शेंड्यावरचा कोंब ऑक्झिन नावाचं संजीवक खाली पाठवत राहतो, आणि त्यामुळे खालच्या पानांच्या बेचक्यातले डोळे झोपलेले राहतात. शेंडा गेला की ते जागे होतात. डेरेदार झाडाचं सगळं रहस्य यात आहे. आपण मात्र कळ्या दिसायला लागेपर्यंत हात आवरतो, आणि मग तर खुडवत नाही.

शेवंतीचा नवा फुटवा वीतभर झाला की शेंड्याकडची दोन पानं आणि त्यांच्यातला कोवळा कोंब अंगठा आणि तर्जनीच्या नखांत धरून खुडायचा. तुकडा कुरकुरीत आवाज करून तुटला पाहिजे. तो चिवट निघून साल सोलत आली तर खुडायला उशीर झालाय, मग कात्री घ्या. खुडल्यावर राहिलेल्या सगळ्यात वरच्या पानाच्या बेचक्यात बघा, टाचणीच्या डोक्याएवढा हिरवा ठिपका दिसेल. आठ-दहा दिवसांत तो फुगतो, खालची दोन-तीन बेचकीही फुगतात, आणि एका फांदीच्या चार होतात. त्या चार वीतभर झाल्या की पुन्हा खुडा. दोन किंवा तीन वेळा पुरे. कळ्या धरायला लागायच्या काही आठवडे आधी थांबा, नाहीतर फुलं खुडून बसाल.

उशिरा फुलणाऱ्या झाडांची, म्हणजे ॲस्टर, सेडम, हेलेनियम, फ्लॉक्स यांची, भर वाढीत एकतृतीयांश उंची सरळ कापून टाकता येते. इंग्लंडमध्ये याला ‘चेल्सी चॉप’ म्हणतात, कारण चेल्सीचं पुष्पप्रदर्शन मे महिन्यात भरतं आणि तिथल्या हवामानात ही छाटणीची वेळ त्याच सुमारास येते. महिना तुमच्या हवामानाप्रमाणे बदलेल, खूण मात्र तीच: झाड निम्म्या-अधिक उंचीला आलंय आणि कळीचा पत्ता नाही. फुलं काही आठवडे उशिरा येतात, आकारानं किंचित लहान, पण संख्येनं जास्त, आणि झाड आधाराशिवाय उभं राहतं. मी गड्ड्याच्या पुढच्या निम्म्या फांद्याच कापते. मागच्या फांद्या वेळेवर फुलतात, पुढच्या त्यांच्यानंतर, आणि पुढच्या ठेंगण्या फांद्या मागच्यांचे उघडे पाय झाकतात.

कोरिऑप्सिसची सुकलेली फुलं एकेक खुडत बसायला जीव जातो. पहिला बहर निम्म्याहून जास्त सुकला की गवत कापायच्या कात्रीनं सगळं झाड एकदम एकतृतीयांशानं खाली घ्या. साल्व्हिया तर त्याहून खाली, बुंध्याशी नव्या पानांचा झुपका दिसतो तिथपर्यंत. आठवडाभर वाफा भकास दिसतो, पण महिना-दीड महिन्यात दुसरा बहर येतो. गेलार्डियाचं फूल पाकळ्या गळल्यावरही लवदार चेंडूसारखं सुंदर दिसतं म्हणून ते ठेवावंसं वाटतं. ठेवायचं तर दोन-चारच ठेवा, बी धरायला लागलेलं झाड नव्या कळ्या कमी काढतं. जरबेरा आणि डेलिलीला खोडाचा शेंडा नसतो, त्यांना खुडणं लागू नाही. सुकलेला दांडा बुंध्यापासून काढला की झालं.

मधोमध टक्कल

तिसऱ्या-चौथ्या वर्षी गड्ड्याच्या मध्यभागी नुसती काटकी उरते आणि फुटवे सगळे कडेला येतात. हा रोग नाही. गड्डा दरवर्षी बाहेरच्या बाजूला वाढतो आणि मधला जुना भाग थकतो. फुटवे बाहेरून तिरपे निघतात म्हणून लोळतात. खत आणि पाणी इथे काही करू शकत नाही, गड्डा फोडावाच लागतो.

आदल्या दिवशी पाणी द्या. फुलं नसलेला, हवा थंडसर असलेला काळ निवडा. पानांचा घेर असेल तेवढ्या अंतरावरून गोल खणत या आणि गड्डा मातीसकट वर घ्या. कोरिऑप्सिसचा गड्डा हातांनी उलगडतो. शेवंतीच्या कडेचे फुटवे आपापल्या मुळांसकट सुटे होतात. डेलिलीची मुळं मात्र इतकी गुंतलेली असतात की दोन काटेखुरपी पाठीला पाठ लावून मध्ये खुपसायची आणि दांडे एकमेकांपासून दूर ओढायचे, मग गड्डा आवाज करत फुटतो. कडेचे तीन-चार फुटवे असलेले तुकडे ठेवा. मधला लाकडी भाग कितीही मोठा असला तरी टाकून द्या. पहिल्यांदा तो टाकताना वाईट वाटतं, पण पुन्हा लावलात तर तोच पुढच्या वर्षी पुन्हा टक्कल दाखवतो. लावताना झाड आधी जेवढं खोल होतं तेवढंच ठेवा. जरबेराचा गळा तर मातीच्या किंचित वरच हवा, तो झाकला गेला की कुजतो.

कोरिऑप्सिस आणि शेवंती दर दोन-तीन वर्षांनी फोडा, डेलिली तीन-चार वर्षांनी. गेलार्डिया मुळातच अल्पायुषी आहे. दोन-तीन वर्षांनी गेली तर तुमचं काही चुकलं असं समजू नका. हंगाम संपताना तिला बुंध्यापासून वीतभरावर छाटलं तर नवे फुटवे येऊन ती एखादं वर्ष जास्त काढते.

एक वेगळा घोटाळाही याच सुमारास होतो. ठेंगण्या जातीच्या पायथ्याशी पडलेल्या बियांतून नवी रोपं उगवतात. बागेतली गेलार्डिया हा दोन जंगली प्रजातींचा संकर आहे, तिच्या बियांतून आलेली रोपं आईसारखी निघतीलच असं नाही. ती जोमानं वाढतात, जुन्या झाडाला झाकून टाकतात, आणि दोन वर्षांनी आपल्याला वाटतं की आपलं बुटकं झाड उंच झालं. गड्डा बोटांनी उलगडून बघा. उंच फांद्यांची मुळं वेगळी निघाली तर ती पाहुणी रोपं आहेत, उपटून घ्या.

झाड छान, पण कळीच नाही

शेवंतीबद्दल हा प्रश्न वारंवार येतो, आणि उत्तर कधीकधी मातीत नसून विजेच्या खांबावर असतं. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि ॲलर्ड यांनी १९२० मध्ये दाखवून दिलं की कित्येक वनस्पती दिवसाची लांबी ओळखून फुलतात. शेवंतीला फुलायला लांब, अखंड रात्र लागते. रस्त्यावरचा दिवा, फाटकावरचा दिवा रात्रभर तिच्यावर पडत असेल तर तिच्या लेखी रात्र होतच नाही आणि ती नुसती पानं वाढवत राहते. फुलशेती करणारे बहर पुढे ढकलायला मुद्दाम मध्यरात्री दिवे लावतात. एकाच ओळीतली दिव्याजवळची झाडं बिनफुलांची आणि लांबची फुललेली, असं असेल तर निदान झालंच. दिव्याला आडोसा करा किंवा शेवंती हलवा आणि त्या जागी डेलिली लावा, तिला अशी अखंड रात्र लागत नाही.

रंग फिका पडतो

लाल, गुलाबी, जांभळे रंग बहुतेक अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचे असतात. ते तयार व्हायला ऊन लागतं, पण कडक उष्म्यात, विशेषतः रात्री तापलेल्या असताना, ते कमी बनतं. म्हणून तेच झाड थंड दिवसांत गर्द आणि उन्हाळ्यात धुतल्यासारखं दिसतं. हवा गार झाली की रंग परत येतो. पिवळे-केशरी रंग बहुतेक कॅरोटिनॉइड या दुसऱ्या रंगद्रव्याचे, ते उष्म्यात जास्त टिकतात. भिंतीच्या किंवा फरशीच्या तापणाऱ्या कडेला पिवळी-केशरी फुलं लावा आणि गुलाबी-जांभळी फुलं दुपारनंतर सावली येते तिथे. रंगासाठी मातीत तुरटी किंवा लोहयुक्त पदार्थ घालायची कल्पना हायड्रेंजियावरून आलेली आहे. तिथे आम्लधर्मी मातीतलं ॲल्युमिनियम फूल निळं करतं. गेलार्डिया किंवा साल्व्हियावर त्याचा असा काही परिणाम होत नाही, मातीचा सामू (पीएच) मात्र बिघडतो.

ठेंगणं आहे, पण चांगल्या अर्थानं नाही

एखादं झाड अचानक खुरटलं, बारीक पिवळट फुटव्यांचा झाडूसारखा झुपका आला, आणि फुलांच्या पाकळ्या हिरव्या, पानांसारख्या निघाल्या, तर तो ॲस्टर यलोज हा फायटोप्लाझ्माचा, म्हणजे झाडाच्या रसवाहिन्यांत राहणाऱ्या अतिसूक्ष्म जिवाणूंचा, रोग असू शकतो. तुडतुडे तो पसरवतात, ३०० हून जास्त प्रकारच्या वनस्पतींना तो होतो आणि त्यावर औषध नाही. कोरिऑप्सिस, रुडबेकिया, गेलार्डिया तिन्हींना धोका आहे. झाड मुळासकट काढा. कितीही जुनं, आवडतं असलं तरी काढा, कारण त्याच्यामुळे सबंध ओळ जाते. शेवंतीत सगळं झाड निम्म्या उंचीचं आणि फुलं वेळेआधी, लहान, असं असेल तर खुरटेपणाचा व्हायरॉइड, म्हणजे विषाणूहूनही लहान रोगकारक, असू शकतो. तो कात्रीवरून पसरतो, म्हणून त्या झाडाचे फुटवे लावू नका आणि अशा झाडांपासून दुसऱ्याकडे जाताना सिकेटर निर्जंतुक करा.

आत्ताच लोळलंय, काय करू?

लगेच काठीला घट्ट बांधू नका. वाऱ्यानं हललेलं खोड जाड आणि आखूड होतं. मार्क जॅफी यांनी १९७३ साली या प्रतिसादाला थिग्मोमॉर्फोजेनेसिस असं नाव दिलं. आवळून बांधलेली फांदी कमकुवतच राहते. झाडाच्या उंचीच्या निम्म्यापर्यंत येतील अशा वाळक्या फाटे असलेल्या काटक्या गड्ड्याभोवती खोचा आणि फांद्या त्यांच्यावर सैल टेकू द्या. फुलं असतील तर बहर संपेपर्यंत एवढंच करा.

बहर ओसरला की निम्म्या फांद्या बुंध्यापासून काढा आणि उरलेल्या एकतृतीयांशानं कमी करा. भर दुपारी कापू नका. कापल्यावर एकदा भरपूर पाणी द्या, खत नको. आठ-दहा दिवसांनी बुंध्याशी जे नवे फुटवे येतील त्यांची पेरं पुन्हा पट्टीनं मोजा. ती दीड-दोन सेंटिमीटरची असतील तर झाड जागेवरच राहू द्या. पुन्हा चार-पाच सेंटिमीटरची निघाली तर जागेचं ऊन मोजायला घ्या, आणि तोवर त्या गड्ड्याला हात लावू नका.